उथळ बाजूच्या बायका आणि एक उताणी

माझ्या शिवणीला नावं ठेवणारं पहिलं माणूस माझ्याच घरातलं निघालं, आणि तेही भर पाण्यात, सगळ्या बॅचसमोर, तलावाचे साहेब काठावर उभे असताना.

"कापडच वाईट असणार," वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. "हिला स्वस्तातलं कापड दिसलं की हात थांबत नाही. मग खाज सुटेल नाहीतर काय होईल?"

मी त्या वेळी पाठीवर तरंगायचा सराव करत होते. पाठीवर तरंगायला मन शांत लागतं म्हणतात. माझे पाय आधी बुडाले, मग मी, आणि खारट पाणी नाकातून मेंदूपर्यंत गेल्यावर वर आले तेव्हा सगळ्या बायका आपापल्या पोहण्याच्या ड्रेसकडे संशयाने बघत होत्या. ते ड्रेस सगळेच्या सगळे मी शिवलेले होते.

आता हे ड्रेस काय चीज होती ते सांगायला हवं. दुकानात मिळणारे पोहण्याचे कपडे ज्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून कापलेले असतात ती बाई कधी जेवलेली नसते, बाळंत झालेली नसते आणि खाली वाकून पलंगाखालचा केर तिने कधी काढलेला नसतो. आमच्या बॅचमध्ये तशी एकही नव्हती. म्हणून मी स्वतःच्या डोक्याने एक बेत काढला. गर्द निळं कापड, कोपरापर्यंत बाही, गुडघ्यापर्यंत पाय, आणि कमरेला बेताची झालर, जी जे झाकायचं ते झाकते आणि चालताना पाण्यात छान फुलते. शिवण मला कुणी शिकवली नाही. जुने कपडे उसवून उसवून मी ती शिकले. त्यामुळे माझ्या शिवणीबद्दल कुणी बोललं की मला डिग्री काढून घेतल्यासारखं वाटतं, आणि डिग्री तर मुळात नाहीच, म्हणजे बघा किती लागत असेल.

तर खाज. गेले काही दिवस उथळ बाजूला उतरणाऱ्या प्रत्येक बाईला खाज सुटत होती. हातांना, पोटऱ्यांना, मानेला. पुरळ उठायचं, बारीक सुया टोचल्यासारखं व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत जायचं. आमच्यात एक दंतवैद्यीण बाई आहेत, त्यांना पेशंटच्या तोंडात हत्यार असताना कोपर खाजवायची वेळ आली. बँकवाल्या बाई काउंटरवर मान अशी हलवायच्या की लोकांना वाटायचं आपलं काम नामंजूर झालं.

आमचा तलाव म्हणजे खरं तर समुद्राचाच एक कोपरा. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला लोखंडी झडप. भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला थोडा परत जातो. खोल बाजू पुरुषांच्या बॅचने पहिल्या दिवसापासून धरून ठेवली आहे. उथळ बाजू कुणालाच नको होती, म्हणून ती फार मोठ्या मनाने बायकांना देण्यात आली. तिथे पाणी कमरेएवढं, तळाला वाळू, आणि दिवसभर ऊन खाऊन ते पाणी असं ऊबदार होतं की आत शिरताना कुणीतरी शाल पांघरल्यासारखं वाटतं. पोहता आमच्यापैकी कुणालाच येत नाही. आम्ही चालतो, बोलतो, आणि मास्तरीणबाईंनी शिट्टी वाजवली की हात वर करतो.

आणि वन्सं तिथे चालतात. हे वाक्य वाचायला साधं आहे. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून जमिनीवर त्यांचं एकेक पाऊल म्हणजे अर्ज केल्यासारखं असतं, मंजूर होईल की नाही सांगता येत नाही. हयातभर शाळेत पोरींना कवायत शिकवलेली बाई. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाताना भिंतीला अशा नजरेने बघतात, जणू भिंतच आगाऊपणा करून आधार देत्येय. पण पाण्यात उतरल्या की काठी काठावर राहते आणि वन्सं चालू लागतात. ताठ. वळतात, मागे येतात, दुसऱ्यांच्या चालीत खोड काढतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "हे पाण्यातलं चालणं थांबलं तर सांधा आखडेल. मग खुर्ची. आणि त्या खुर्चीतून परत उठतील असं मी म्हणणार नाही." त्यामुळे त्या तलावाच्या गेटला सकाळी कुलूप तर नाही ना, एवढंच मी रोज लांबून बघत असे.

कारण आमच्या साहेबांना तलाव बंद करण्याची आवड आहे. काहींना गाण्याची असते तशी. मागे एकदा झडपेतून एक खेकडा आत आला. साहेबांनी "धोकादायक प्राणी आढळल्यामुळे" असा फलक लावला आणि तलाव बंद केला. मग पाहणी, मग वरच्या कार्यालयाला कळवणं, मग वरच्या कार्यालयाची पाहणी. तलाव उघडेपर्यंत त्या खेकड्याला नातवंडं झाली असतील. त्या काळात वन्संचा खुबा इतका दुखावला की त्या कपबशीवरसुद्धा रागवायच्या.

असो. मी कापडाची अब्रू वाचवायला निघाले होते.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. "व्हिनेगरमध्ये भिजव." भिजवले. सगळ्या बॅचचे ड्रेस बादल्यांत, आणि घराला असा वास की पोस्टमनने पत्र दारात ठेवून बेल न वाजवता पळ काढला. मग बँकवाल्या बाई म्हणाल्या, "वहिनी, उकळा." उकळले. दंतवैद्यीण बाईंचा ड्रेस इतका आटला की आता तो फक्त त्यांच्या मांजरीला झाला असता, तोही मांजरीने पोट आत घेतलं तर. उरलेले गॅलरीत वाळत घातले. त्यांचं पाणी काकूंच्या कोरड्या गाद्यांवर गळलं.

शेवटी मी ह्यांना म्हटलं, "अहो, एक काम कराल?"

हे म्हणाले, "नाही."

"दिवसभर हा ड्रेस घालून बसायचं. खाज सुटते का बघायचं."

"झालरीसकट?"

"झालर अंगाचाच भाग आहे हो त्याचा."

आमचे हे भले माणूस आहेत. गर्द निळा ड्रेस घालून, पायावर पाय टाकून, वर्तमानपत्र वाचत बसले. नेमक्या त्याच वेळी काकू गादीची तक्रार घेऊन आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी ह्यांना वरून खाली आणि खालून वर पाहिलं. ह्यांनी पेपरावरून डोळे न काढता सांगितलं, "चाचणी चालू आहे." काकू गादीबद्दल एक अक्षर न बोलता परत गेल्या, आणि पुढे बरेच दिवस जिन्यात भेटल्या की माझ्या खांद्यावर हलकेच थोपटायच्या.

ह्यांना खाज सुटली नाही. संध्याकाळी म्हणाले, "उलट बरं वाटतंय. कमरेला छान बसतो."

मग मी उलटा प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी घरातला जुना, असंख्य वेळा धुतलेला सुती गाऊन घालून तलावात उतरले. गाऊन पाण्यावर छत्रीसारखा फुगला, मास्तरीणबाईंनी तोंड फिरवून शिट्टी चावली, वन्सं म्हणाल्या, "मी हिला ओळखत नाही." मी भिंतीकडेने चालत राहिले. आणि थोड्या वेळाने माझ्या दोन्ही पोटऱ्यांना अशी सणसणीत खाज सुटली की मी आनंदाने ओरडले. माझं कापड निर्दोष होतं! दोष पाण्यात होता.

पण पाण्यात होतं काय? वरून बघावं तर उन्हाच्या चकाकीशिवाय काही दिसेना. घरी आम्ही डाळी ठेवतो तसला एक पारदर्शक डबा मी नेला होता, त्यात खरं तर माझा कोरडा टॉवेल होता. टॉवेल काढला, डब्याचा तळ पाण्यावर दाबला आणि आत डोळे घातले. खाली सगळं काचेतून पाहिल्यासारखं स्वच्छ. वाळू, माझी बोटं, एक हरवलेली केसांची पिन. आणि भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे ऊन सगळ्यात जास्त पडतं तिथे, कुणीतरी फुलकोबीचा गड्डा टाकलेला.

मला आधी बॅचचाच राग आला. पोहायला येतात की भाजी निवडायला?

मग तो फुलकोबी हलला.

हलला म्हणजे सरकला नाही. त्याची कड उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. झोपलेल्या लहान मुलाचं पोट हलतं ना, तसं. मी वाकले. ती एक बशीएवढी मऊ तबकडी होती, वाळूवर पाठ टेकून पडलेली, आणि तिच्या मधून वर आलेल्या झालरी. झालरी! आयुष्यभर मी झालरी घातल्या आहेत. पडद्यांना, उश्यांना, नवऱ्याला. चुण्या कशा घ्यायच्या, कड कशी सोडायची, सगळं मला कळतं असं मी समजत होते. इथे झालरीच्या काठाला झालर, त्या झालरीला आणखी झालर, तपकिरी, हिरवट, मध्येच एखादा दुधी ठिपका, आणि कुठेही टाका नाही. जोड नाही. सुरुवात कुठे झाली ते सापडेना. मी श्वास घ्यायला विसरले. पाण्यावर डबा धरून, गाऊन फुगवून, पोटऱ्या जळत असताना मी त्या कोपऱ्यात एखाद्या देवळात उभं राहावं तशी उभी होते. तिच्या शेजारी दुसरी होती. पलीकडे तिसरी, लहान, गुंडीएवढी, तीही उघडमीट करत होती. मोठ्यांचं बघून शिकल्यासारखी.

घरी आल्यावर वाचनालय गाठलं. समुद्रातल्या जिवांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, पुस्तकात नव्हतं ते फोनवर शोधलं. जेलीफिशच होती ती. पण सगळ्या जेलीफिश छत्रीसारख्या वर तोंड करून हिंडतात, ही मात्र उताणी पडून राहते, उबदार, उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ. का? तर तिच्या अंगात बारीक बारीक वनस्पती राहतात. भाडेकरूच. त्या उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातलं मालकिणीला देतात. ही नुसती ऊन त्यांच्यावर पडेल अशी पडून राहते. तिला हाड नाही, हृदय नाही, मेंदूही नाही, आणि तरी रात्री तिची उघडमीट संथ होते, म्हणजे ती झोपते. मी हे पुन्हा वाचलं. मेंदू नसताना झोप! आमच्या घरात मेंदू असलेली इतकी माणसं रात्रभर छताकडे बघत पडतात. आणि तिला कुणी ढवळलं, की ती एक चिकट द्रव पाण्यात सोडते. त्यात डोळ्यांना न दिसणारे चावरे कण असतात. तिला हात न लावता आपल्याला खाज सुटते. म्हणजे आम्ही सगळ्या रोज शिट्टीवर पाय आपटत तिच्या डोक्यावर, चुकले, डोकं तिला नाही, तिच्या अंगणात कवायत करत होतो.

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग सुटलीस की. उद्या साहेबांना दाखव. तुझी शिवण स्वच्छ."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. अगदी तिच्यासारखं.

"काय झालं?"

"खेकडा आठवतोय का?" मी म्हटलं.

 आतल्या खोलीतून वन्संच्या काठीचा आवाज आला. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल.

"ताईला खुर्चीत बसवून शिवण स्वच्छ करायची," हे हळू आवाजात म्हणाले, "असं होईल ते."

तेव्हा मी गप्प राहायचं ठरवलं. त्यागात एक मोठी अडचण असते, तो कुणाला सांगता येत नाही. सकाळी तलावात बायका माझ्या कापडाबद्दल बोलायच्या आणि मी, जिला सत्य माहीत होतं, नुसती हसायचे. आरशात बघितलं तर ते हसू दाढ ठणकल्यासारखं दिसत होतं. दंतवैद्यीण बाईंनी तर एकदा विचारलंच, "दाखवायला येता का?" वन्संनी मात्र कमाल केली. रोज एकदा तरी, साहेब काठावर आले की मोठ्याने, "कापड! कापड!" रोज माझ्या हातून भातावर तूप वाढून घेणारी बाई! मी मनातल्या मनात त्यांना इतकं सुनावत होते की संध्याकाळी माझा घसा बसलेला असायचा.

आणि मग बॅचमध्ये एक नवीन बाई आल्या. दुकानातला ड्रेस घालून. उतरल्या, चालल्या, ओरडल्या आणि तडक साहेबांकडे गेल्या. साहेब काखेत फलक घेऊनच आले. फलक लिहून तयार होता, त्यावर फक्त तारीख घालायची बाकी होती.

"ह्या बाईंनी तर तुमचा ड्रेस घातलेला नाही," साहेब म्हणाले. "तरी खाज. म्हणजे पाण्यात काहीतरी आहे. आता पाहणी करावी लागेल. तोपर्यंत..." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्या टोपणाचा टक आवाज मला अजून ऐकू येतो.

मी वन्संकडे बघितलं. त्या पाण्यात ताठ उभ्या होत्या. त्यांचा हात मात्र पाण्याखाली काहीतरी धरायला शोधत होता, आणि पाण्यात धरायला काही नसतं.

"साहेब," मी म्हटलं. "ह्या बाई माझ्या ड्रेसला घासून गेल्या. माझ्या ड्रेसचा रंग सुटतो. पाण्यात उतरतो. सगळा दोष माझ्या शिवणीचा."

"रंग सुटतो?"

"भयंकर."

"पण पाणी तर निळं दिसत नाही."

"निळंच आहे की साहेब," बँकवाल्या बाई म्हणाल्या. "समुद्राचं पाणी निळंच असतं. कळणार कसं?"

साहेब पाण्याकडे बघत राहिले. हा मुद्दा वरच्या कार्यालयाला कळवण्याजोगा होता, पण कसा कळवायचा ते त्यांना सुचत नव्हतं. "तुम्हाला शिवायला कुणी सांगितलं हो?" ते शेवटी म्हणाले. "येत नाही तर करू नये माणसाने. आठवड्यात सगळे ड्रेस बदला." आणि फलक काखेत मारून गेले.

येत नाही तर करू नये. हे मी सगळ्या बॅचसमोर, ओल्या केसांनी, गप्प ऐकून घेतलं. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मोठ्याने नाक शिंकरलं.

एकेक करून सगळ्या आत आल्या.  मग दंतवैद्यीण बाई म्हणाल्या, "सांगून टाका आता ह्यांना. मला बघवत नाही."

"काय सांगून टाका?" मी विचारलं.

वन्सं बाकावर बसल्या, काठी गुडघ्यांवर आडवी. "कोपऱ्यातली ती," त्या म्हणाल्या. "मला पहिल्यांदा खाज सुटली त्याच दिवशी दिसली. मी तिथे जरा थांबले होते, दम खायला. पाणी निवळ होतं."

"मला वन्संनी दाखवली," बँकवाल्या बाई म्हणाल्या.

"मला बँकवाल्यांनी," दंतवैद्यीण बाई म्हणाल्या.

"मला सगळ्यांनी," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि शिट्टी खिशात लपवली.

माझ्या रागाचा पारा असा चढला की ओले केस सुकले असावेत. "आणि मला? मी बादल्या भरल्या! नवऱ्याला झालर नेसवली! मला का नाही सांगितलंत?"

"तुझं तोंड म्हणजे डाळीचा पारदर्शक डबा आहे," वन्सं म्हणाल्या. "आत काय आहे ते साहेबांनी काठावरून वाचलं असतं."

"मग माझ्याच कापडावर का ढकललंत?"

"कुणावर तरी ढकलायलाच हवं होतं. परक्या बाईवर ढकललं असतं तर ती रुसून बॅच सोडून गेली असती. तू कुठे जाणार? तू घरची."



"पण स्वस्तातलं दिसलं की हिचा हात थांबत नाही, असं म्हणालात!"

"ते खरंच आहे," वन्सं म्हणाल्या. "खोट्यात थोडं खरं घालावं लागतं. नाहीतर ते अंगावर नीट बसत नाही. तुला शिवणाऱ्या बाईला हे मी सांगायचं?" मग त्यांनी काठीकडे बघत, कवायतीच्या आवाजात नाही, वेगळ्याच आवाजात म्हटलं, "आज बोललीस ते ऐकलं मी. सगळं ऐकलं."

वन्संकडून एवढं म्हणजे ढोल वाजवून मिरवणूक काढल्यासारखं होतं. मी पुन्हा नाक शिंकरलं.

ड्रेस बदलायचे तर होतेच, साहेबांचा हुकूम होता. आणि मला एक गोष्ट कळली होती, की चूक खरंच माझ्या शिवणीत होती. रंगात नव्हे, लांबीत. बाही कोपरापर्यंत कशाला? पाय गुडघ्यापर्यंत कशाला? मी मनगटापर्यंत बाही केली, घोट्यापर्यंत पाय, मानेला उभी पट्टी, हातापायांना मोजे. ह्यांनी चाचणीसाठी स्वतःहून नाव दिलं. नवीन बाईंची मापं त्यांच्या घरी जाऊन घेतली. वन्सं बरोबर आल्या होत्या आणि त्यांनी त्या बाईंना खाज कशाची ते सगळं समजावलं, तेही अशा पद्धतीने की आम्ही निघताना बाईंनी कुणाला न सांगण्याची शपथ घेतली. मास्तरीणबाईंनी पाय आपटायचा व्यायाम कायमचा रद्द केला. आता आम्ही पाय न उचलता, वाळूवरून सरकत सरकत चालतो आणि त्या कोपऱ्यापासून हातभर लांब राहतो.

नवे ड्रेस घालून उतरलो त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. नखशिखांत निळ्या अशा आम्ही सगळ्या, प्रत्येकीच्या हातात घरून आणलेला एकेक डबा. खाज कुणालाच सुटली नाही. आम्ही कोपऱ्याशी अर्धगोल करून उभ्या राहिलो आणि डब्यांतून खाली बघायला लागलो. कुणी बोलत नव्हतं. आमची बॅच बोलत नाही असं ह्याआधी कधी झालेलं नाही.

मोठी होती ती अचानक उठली. खरंच उठली. वाळूवरून सुटली, हळूच उलटी झाली, म्हणजे इतरांच्या हिशेबाने सुलटी, आणि छत्रीसारखी उघडमीट करत पाण्यातून चालली. झालरी मागे वाहत होत्या. ती वन्संच्या दिशेने आली. वन्सं हलल्या नाहीत. खुबा दुखतो म्हणून एका जागी उभं राहवत नाही अशी माझ्या नणंदेची घरी रोजची तक्रार असते. त्या तिथे कशालाही न धरता, हात मोकळे सोडून, श्वास रोखून उभ्या राहिल्या. ती त्यांच्या पायांपासून थोडं अलीकडे थांबली, पुन्हा उलटली, पाठ टेकवली, आणि झालरी वर करून निवांत झाली.

मी नीट बघावं म्हणून पुढे वाकले.

"सरक," वन्सं कुजबुजल्या.

"का?"

"सरक जरा बाजूला. तिच्या जेवणावर तुझी सावली पडतेय."

मी सरकले. माझ्यामागे बँकवाल्या बाईंनीही आपली सावली आवरली, मग दंतवैद्यीण बाईंनी, मग नवीन बाईंनी. सगळी बॅच पाय न उचलता, वाळूवरून सरकत, एका बाजूला भिंतीला चिकटून उभी राहिली. खाली ऊन सरळ तिच्या अंगावर पडलं आणि त्या तपकिरी झालरींत आतून दिवा लावल्यासारखा उजेड भरला.

काठावरून साहेबांचा आवाज आला, "काय हो, सगळ्याजणी एकाच बाजूला का?"

"व्यायाम!" वन्संनी कवायतीच्या आवाजात सांगितलं, नजर वर न उचलता.